बोली लागण्याआधी पार्सल बांधा : ऑनलाइन लिलावातल्या नवख्या विक्रेत्यांसाठी

ऑनलाइन लिलावात जुन्या वस्तू विकू लागलेल्या माणसाला वस्तूचे छायाचित्र काढणे, वर्णन लिहिणे आणि बोली वाढताना पाहणे यांत हौस वाटते. त्यानंतरचा भाग, म्हणजे योग्य मापाचे खोके शोधण्यापासून खरेदीदाराचा ‘मिळाले’ असा निरोप येईपर्यंतचा सगळा प्रवास, मात्र जिकिरीचा असतो आणि अनेक नवखे विक्रेते तिथेच कंटाळून हा उद्योग सोडून देतात. ईबेचे भारतीय संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाल्यानंतर हौशी विक्रेत्यांचे बरेचसे व्यवहार फेसबुकवरचे गट आणि व्हॉट्सॲपवरच्या बोली अशा ठिकाणी होऊ लागले. तिथे पाठवणीची कोणतीही तयार व्यवस्था नसते. पत्त्याची चिठ्ठी कोणी छापून देत नाही, पार्सल न्यायला कोणी दारी येत नाही आणि वाद झाला तर निवाडा करायलाही कोणी बसलेले नसते. हे सारे विक्रेत्यालाच करावे लागते, म्हणून ते कोणत्या क्रमाने करावे याला महत्त्व आहे. या लेखाचा आग्रह एवढाच आहे की वस्तू लिलावाला लावण्यापूर्वी तिचे पार्सल कसे होणार, त्याचे वजन किती भरणार आणि ते कोणत्या सेवेने जाणार, हे ठरवून ठेवावे. बोली संपल्यावर हा विचार सुरू केला की पुढच्या बहुतेक कटकटी ओढवतात.

काय पाठवता येते, हे आधी पाहा

पहिली पायरी कायद्याची आहे आणि ती टाळता येत नाही. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार १०० वर्षे किंवा त्याहून जुनी मूर्ती, चित्र, नाणे, कलाकुसरीची वस्तू आणि ७५ वर्षे उलटलेले ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय मोलाचे हस्तलिखित यांना पुरावशेष मानले जाते. अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवताच येत नाहीत. चोरबाजारातून आणलेल्या समईच्या वर्णनात ग्राहक खेचण्यासाठी ‘दीडशे वर्षे जुनी’ असे बेधडक लिहून टाकणारे विक्रेते आपल्याच हाताने आपल्याविरुद्ध पुरावा तयार करत असतात. वय ठाऊक नसेल तर ते लिहू नये. हस्तिदंताच्या वस्तूंच्या वाटेला तर जाऊच नये. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो.

दुसरी बाब ज्वालाग्राही वस्तूंची. अत्तर, स्प्रेचे डबे, लायटर आणि पेट्रोमॅक्सच्या टाकीत राहिलेले रॉकेल यांपैकी काहीही टपालाने पाठवता येत नाही. जुना ट्रान्झिस्टर किंवा कॅमेरा पाठवताना आतले सेल काढून घ्यावेत. ते गळले तर वस्तूचीही नासाडी होते. सोने, चांदी आणि मौल्यवान नाणी विमा उतरवल्याशिवाय टपालात टाकू नयेत.

वजन आणि माप

घरात ५ किलोपर्यंत एक-एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि शिंप्याकडे असते तशी मापाची फीत, एवढे साहित्य पुरते. वजन नुसत्या वस्तूचे करून चालत नाही. खोके, आतले भरण, टेप आणि पत्त्याचा कागद यांच्यासह जे भरते तेच टपाल कचेरीच्या खिडकीवर मोजले जाते आणि छोट्या वस्तूंच्या बाबतीत आवरणाचे वजन वस्तूपेक्षा जास्त भरणे मुळीच असाधारण नाही. स्पीड पोस्टचा दर वजनाच्या टप्प्यांनी आणि अंतरानुसार वाढतो. ५०० ग्रॅमच्या पुढे दर ५०० ग्रॅमला नवा टप्पा लागतो. त्यामुळे ४९० ग्रॅमच्या पार्सलवर उगीच आणखी एक पदर टेप गुंडाळली आणि काटा ५०५ वर गेला, तर पुढच्या पूर्ण टप्प्याचे पैसे द्यावे लागतात. शिवाय शुल्कावर १८ टक्के जीएसटी असतो. पोस्टेज म्हणून ठरावीक रक्कम आधीच जाहीर करणाऱ्या विक्रेत्यांच्या हिशेबातून नेमका तोच सुटतो.

वजनाइतकेच माप घातक ठरते. बहुतेक कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्याला ५००० ने भागतात आणि येणारा आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर त्याच आकड्यावर पैसे आकारतात. ग्रामोफोनची एक दहा इंची तबकडी साधारण पाव किलोच्या आतबाहेर असते. तीच सुरक्षिततेसाठी ३५ × ३५ × ८ सेंटिमीटरच्या खोक्यात ठेवली, तर गुणाकार ९८०० आणि आकारणीचे वजन १.९६ किलो होते. म्हणजे २०० रुपयांच्या तबकडीसाठी दोन किलोचे भाडे भरावे लागते. हे गणित बोली सुरू होण्याआधी केलेले असेल तर दोन-तीन तबकड्यांचा एकच लॉट लावण्याची बुद्धी वेळीच सुचते.

टपाल की कुरिअर

मुंबईत गल्लोगल्ली कुरिअरची दुकाने आहेत आणि मुंबई-पुणे किंवा मुंबई-नाशिक अशा पाठवणीला ती सोयीचीही पडतात. परंतु लिलावातला खरेदीदार जिथून बोली लावतो ते गाव अनेकदा तालुक्याच्याही पलीकडचे असते. कुरिअरच्या यादीत त्या गावाचा पिनकोड नसला की पार्सल जवळच्या शहरात पडून राहते आणि ‘तुम्ही येऊन घेऊन जा’ असा फोन खरेदीदाराला जातो. टपाल खाते मात्र देशातल्या प्रत्येक पिनकोडला पोहोचते. माझे मत असे की शहर ओळखीचे असेल आणि वस्तू नाजूक असेल तर चांगल्या कुरिअरचा विचार करावा, एरवी स्पीड पोस्टच बरे.

टपालाच्या सेवांत अलीकडे बरेच बदल झाले आहेत आणि जुन्या ग्राहकांना ते ठाऊक नसतात. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या रचनेत ‘रजिस्ट्रेशन’ ही स्पीड पोस्टवर घ्यायची जादा सेवा आहे आणि ती घेतली की वस्तू ज्याच्या नावावर आहे त्याच्या किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्याच हाती दिली जाते. ओटीपी सांगितल्यावरच वस्तू हाती देण्याची सोयही तेव्हापासून आहे. या दोन्ही सेवांना प्रत्येकी ५ रुपये आणि वर जीएसटी पडतो. ‘रजिस्टर करूनच पाठवा’ असा हट्ट धरणाऱ्या ज्येष्ठ संग्राहकांना हे नीट समजावून सांगावे लागते, आणि त्यात पाच मिनिटे गेली तरी ती वाचवू नयेत. ओटीपीची सेवा घेतली असेल तर खरेदीदाराला तसे आधी कळवणे विशेष जरुरीचे आहे. ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ हे आपण सर्वांनी इतके घोकलेले आहे की पोस्टमन दारात उभा राहून तो मागतो तेव्हा सावध माणूस सरळ नाही म्हणतो आणि पार्सल परत फिरते.

पुस्तके विकणाऱ्यांसाठी १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू झाली आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर, असा तिचा दर असून पार्सल कुठे आहे हे पाहण्याची सोयही तिला आहे. माल रस्त्याने किंवा रेल्वेने जातो, त्यामुळे उशीर गृहीत धरावा. पण ही सवलत शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे. नियतकालिके आणि जाहिरातींचा मजकूर तिच्यात बसत नाही. जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे विकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण पानोपानी जाहिराती असलेला अंक ज्ञान पोस्टच्या दरात जाईल असे खरेदीदाराला सांगितले आणि खिडकीवर तो नाकारला गेला, तर वरचा फरक विक्रेत्याच्याच खिशातून जातो.

भरपाईचा नियमही आधीच वाचून ठेवावा. स्पीड पोस्टने पाठवलेली वस्तू गहाळ झाली किंवा आतला ऐवज खराब झाला, तर भरलेल्या शुल्काची दुप्पट किंवा १००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी तेवढीच मिळते. ९० रुपये शुल्क भरून ४००० रुपयांचे घड्याळ पाठवले असेल तर हाती १८० रुपये येतात. महागड्या वस्तूचा विमा काढावा, त्याचा खर्च लिलावाच्या अटींतच लिहावा आणि विमा नको म्हणणाऱ्या खरेदीदाराकडून तसे लेखी घ्यावे. विम्याच्या पार्सलची बांधणी पारंपरिक पद्धतीने मांजरपाटात शिवून, शिवणीवर लाखेची मोहोर उठवून केली जाते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसशेजारच्या जीपीओबाहेर असे पार्सल शिवून देणारे कारागीर वर्षानुवर्षे बसत आले आहेत आणि त्यांची शिवण पाहिली की घरी सुई-दोरा घेऊन बसण्याचा उत्साह मावळतो.

बांधणी

खोके विकत घ्यायलाच हवे असे नाही. वाण्याकडे, औषधांच्या दुकानात आणि पुस्तकांच्या दुकानात रिकामी खोकी मिळतात. औषधांची खोकी सर्वांत चांगली, कारण ती स्वच्छ, छोटी आणि कडक पुठ्ठ्याची असतात. तेलाच्या डब्यांचे खोके घेऊ नये, त्याचा वास आणि डाग कागदी वस्तूला लागतो. मोबाइलच्या किंवा दारूच्या कंपनीचे नाव छापलेले खोके असेल तर ते उसवून, उलटे करून, कोरी बाजू बाहेर आणून पुन्हा चिकटवावे. पार्सलवर लोभ उत्पन्न करणारी अक्षरे असू नयेत. एकगठ्ठा नवी खोकी, बबल रॅप आणि तपकिरी टेप हवी असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट पालथी घालावी. उपनगरातल्या स्टेशनरीच्या दुकानापेक्षा तिथला भाव नक्कीच कमी पडतो, मात्र तिथून सामान घेऊन संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये चढण्याचे धाडस करू नये.

आता प्रत्यक्ष बांधणी. लाखेची जुनी तबकडी काचेसारखी तडकते, म्हणून ती उदाहरणादाखल घेऊ. तबकडीला मऊ कागदी पाकीट घालावे. तबकडीपेक्षा प्रत्येक बाजूने दोन बोटे मोठे असे जाड पन्हाळी पुठ्ठ्याचे चार चौकोन कापावेत आणि दोन वर, दोन खाली असे ठेवावेत. जोडीतल्या एका चौकोनाच्या रेघा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या असाव्यात, म्हणजे दाब कोणत्याही दिशेने आला तरी पुठ्ठा दुमडत नाही. कडांना टेप लावून हे सँडविच बंद करावे, त्याभोवती बबल रॅपचे दोन वेढे द्यावेत आणि मग ते खोक्यात सर्व बाजूंनी चुरगाळलेल्या रद्दीत असे बसवावे की तबकडीची कडा खोक्याच्या भिंतीला कुठेही टेकणार नाही. खोके बंद करून कानाशी धरून हलवावे. आत काहीही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडावे. ‘नाजूक, सांभाळून’ असे लाल अक्षरांत लिहिण्याला माझा विरोध नाही, पण वर्गीकरण केंद्रात पोत्यांच्या ढिगाऱ्यात ते वाचायला कोणाला सवड असते? खोके कंबरेच्या उंचीवरून फरशीवर पडले तरी आतली वस्तू वाचेल, अशाच हिशेबाने ते बांधावे.

पितळी समई आखी पाठवू नये. तिचे आटे सोडवून बैठक, दांडा आणि वरची थाळी वेगवेगळी गुंडाळावी, कारण जड बैठक प्रवासभर हलक्या थाळीवर आपटत राहते आणि तिची चोच वाकते. नाण्यांची खणखण ऐकू येता कामा नये. घड्याळाची चावी कापसात दडवावी.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, मुंबईतून निघणारे प्रत्येक पार्सल भिजणार असेच धरून चालावे. बाहेरचे प्लास्टिक पुरत नाही. वस्तू आतल्या आत प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून टेपने हवाबंद करावी आणि मगच भरण घालावे. पोस्टाची कोरी तिकिटे विकणाऱ्यांना दमट हवेचा फटका अधिक बसतो, कारण मागचा डिंक नुसत्या बाष्पानेही सुटतो आणि तिकिटे एकमेकांना चिकटतात. प्रत्येक तिकीट गुळगुळीत ग्लासीन पाकिटात, पाकिटे दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये आणि सोबत सिलिका जेलची पुडी, असा बंदोबस्त करावा. औषधांच्या डब्यांतून निघणाऱ्या या पुड्या फेकून न देता साठवाव्यात.

पत्ता

पिनकोड ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते, संस्कृतचे कवी म्हणूनही ख्यातनाम. त्यांनी ती आखली ती देशभरातल्या सारख्या नावांच्या गावांमुळे, निरनिराळ्या भाषांमुळे आणि चुकीच्या पत्त्यांमुळे होणारा गोंधळ आवरण्यासाठी, आणि आजही नेमका तोच गोंधळ होतो. गोखले रोड दादरलाही आहे आणि ठाण्यात नौपाड्यालाही. पहिल्याचा पिनकोड ४०००२८, दुसऱ्याचा ४००६०२. महात्मा गांधी रस्ता फोर्टात आहे, घाटकोपरला आहे, गोरेगावलाही आहे. ‘पिन ४०० ने सुरू होतो म्हणजे मुंबईच’ अशी समजूत असलेला खरेदीदार ठाण्याच्या किंवा वाशीच्या पत्त्यावर बिनदिक्कत ‘मुंबई’ लिहून पाठवतो. पत्ता आल्यावर पिनकोड आणि गाव जुळतात का, हे टपाल खात्याच्या संकेतस्थळावर तपासून पाहावे आणि न जुळल्यास पार्सल बांधून होण्याआधीच विचारावे.

पत्त्यात इमारतीचे किंवा चाळीचे नाव, विंग, खोली क्रमांक, जवळची खूण आणि चालू मोबाइल क्रमांक, हे सर्व मागून घ्यावे. जेलच्या पेनाने पत्ता लिहू नये, एका सरीत तो पुसला जातो. पाठवणाऱ्याचा पत्ता बाहेर लिहावाच, शिवाय दोन्ही पत्त्यांची एक चिठ्ठी खोक्याच्या आत ठेवावी; बाहेरचा कागद फाटला तर तीच कामी येते. खिडकीवर चिकटवलेल्या बारकोडवर मात्र वरून टेप लावू नये.

खिडकीवर

घराजवळच्या उपकचेरीत बचत खाती, मनीऑर्डर आणि पार्सले एकाच खिडकीवर घेतली जात असतील तर महिन्याचे पहिले आठ दिवस तिथे जाऊ नये, कारण तेव्हा मासिक व्याज घ्यायला आलेल्या ज्येष्ठांची रांग असते आणि तिच्यात आठ खोकी घेऊन उभा राहिलेला माणूस कोणालाच आवडत नाही. पार्सलसाठी स्वतंत्र खिडकी असलेली मोठी कचेरी थोडी लांब असली तरी परवडते. पार्सल घेण्याची वेळ कचेरी बंद होण्याच्या वेळेच्या बरीच आधी संपते, हेही विचारून ठेवावे. ‘लिंक नाही’ हे उत्तर मिळाले तर वाद घालण्यात अर्थ नसतो. खिडकीमागच्या माणसाच्या हातात काहीच नसते आणि उद्या पुन्हा त्याच्याच समोर उभे राहायचे असते. म्हणूनच खरेदीदाराला ‘आजच पाठवतो’ असे वचन देऊ नये. आठवड्यातले दोन वार पाठवणीसाठी ठरवून अटींत छापून टाकावेत आणि पैसे जमा झाल्यानंतर येणाऱ्या वारी पार्सल निघेल एवढेच सांगावे.

पावती मिळताच ती तिथल्या तिथे वाचावी. पिनकोडचा एक आकडा चुकला असेल तर पार्सल पोत्यात पडण्याआधी दुरुस्त होतो, नंतर होत नाही. तेरा अक्षरांचा क्रमांक, ज्याच्या आरंभी दोन रोमन अक्षरे आणि शेवटी भारताची खूण असते, तो खरेदीदाराला छायाचित्र काढून पाठवावा. हाताने टंकताना हमखास चुकतो. पावतीचा कागद उष्णतेवर छापणारा असल्याने त्यावरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात, म्हणून छायाचित्र स्वतःजवळही ठेवावे.

पार्सल निघाल्यानंतर

आता ‘कुठे आहे?’ असे संदेश सुरू होतात. ट्रॅकिंगमध्ये दोन-तीन दिवस एकाच वर्गीकरण केंद्राचे नाव दिसत राहणे हे पार्सल हरवल्याचे लक्षण नव्हे, आणि गणपती, राखी व दिवाळीच्या दिवसांत तर ते नेहमीचेच आहे. जुलैत रुळांवर पाणी साचून लोकल ठप्प झाल्या तर तशी सूचना आपणहून द्यावी. ‘दार बंद’ असा शेरा दिसला की लगेच खरेदीदाराला त्याच्या टपाल कचेरीत जायला सांगावे, कारण वस्तू तिथे ठरावीक दिवसच ठेवली जाते आणि नंतर परत पाठवली जाते. पुन्हा पाठवण्याचा खर्च कोणी करायचा, हे अटींत लिहिलेले असले तर भांडण वाचते. ‘तुमचे पार्सल अडकले आहे, या दुव्यावर पत्ता भरा’ असे खोटे संदेशही टपाल खात्याच्या नावाने फिरतात. तुमच्याकडून फक्त क्रमांक जाईल, दुवा कधीच जाणार नाही, असे खरेदीदाराला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

फुटल्याची तक्रार आली तर खोक्याची सहा बाजूंनी छायाचित्रे आणि उघडतानाची चित्रफीत मागावी. तुमच्याकडे बांधतानाची चित्रफीत असेल तर वस्तू निघताना धड होती हे तरी सिद्ध होते. टपाल खात्याची तक्रार संकेतस्थळावर किंवा १८०० २६६ ६८६८ या क्रमांकावर नोंदवता येते. कुरिअर कंपनी दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तक्रारीचा क्रमांक खरेदीदाराला त्याच दिवशी कळवावा. भरपाई क्वचितच पुरेशी मिळते, पण विक्रेता पाठपुरावा करतो आहे हे दिसले की निम्मे खरेदीदार शांत होतात.

परदेशातून बोली लावणाऱ्यांना सुरुवातीची काही वर्षे नम्रपणे नकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. परदेशी पार्सलला सीमाशुल्काचा सीएन २२ किंवा सीएन २३ हा अर्ज भरावा लागतो, त्यात वस्तूचे खरे मूल्य आणि स्वरूप लिहावे लागते, आणि ‘किंमत कमी दाखवा, भेटवस्तू म्हणून लिहा’ अशी विनंती हटकून येते. ती मान्य करू नये; खोट्या घोषणेवर सही तुमची असते. व्यापारी स्वरूपाच्या निर्यातीसाठी आयात-निर्यात क्रमांक आणि टपालाचे निर्यात पत्रक लागते, ज्यासाठी टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रे उघडली आहेत. देशातल्या पाठवणीची घडी बसली आणि एखादा परदेशी संग्राहक वारंवार विचारू लागला, की बॅलार्ड पिअरच्या विदेश डाक भवनात एकदा जाऊन नियम समजून घ्यावेत आणि मगच बोलीच्या अटींत ‘फक्त भारतात’ ही ओळ बदलावी.